लेसर, उपग्रह आणि ढगांची हद्द

डिसेंबर १९६५मध्ये ‘जेमिनी ७’ या अमेरिकी यानातून फ्रँक बोरमन आणि जिम लव्हेल चौदा दिवस पृथ्वीभोवती फिरत होते. त्यांच्याजवळ हातात धरून वापरायचे एक लेसर यंत्र होते. न्यू मेक्सिकोतले व्हाइट सँड्स, हवाई बेटे आणि अटलांटिक महासागरातले असेन्शन बेट इथे त्यासाठी केंद्रे सज्ज होती. खालून निळसर हिरवा झोत सोडायचा, अंतराळवीरांनी तो खिडकीतून हेरायचा, आपले यंत्र त्यावर रोखायचे आणि लेसरवरून आवाज खाली पाठवायचा, अशी योजना होती. ती फसली. ढगांनी दृष्टी अडवली, आणि सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या यानातून हाताने नेम धरून ठेवणेही जमले नाही. थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर पेटवला तो मे १९६०मध्ये, म्हणजे हे सारे त्यानंतर अवघ्या साडेपाच वर्षांत घडत होते. पुढच्या सहा दशकांत सेकंदाला किती मेगाबिट, किती गिगाबिट हे आकडे चढत गेले आणि लेसर संदेशवहनाचा इतिहास या आकड्यांचीच चढती भाजणी म्हणून सांगितला जाऊ लागला. या इतिहासाचा गाभा मात्र आकड्यांत सापडत नाही. जेमिनीला आडवी आलेली नेमाची अडचण माणसाने पुरती सोडवली. ढगांची अडचण आजवर कोणी सोडवलेली नाही. ती सुटणार नाही हे मान्य करून ज्यांनी आपली व्यवस्था बांधली तेच यशस्वी झाले. उपग्रहावरून मिळणाऱ्या इंटरनेटचे आजचे रूपही या एका गोष्टीने ठरवले आहे.

उजेडाने निरोप धाडण्याची धडपड लेसरच्या कितीतरी आधीची. फ्रान्समध्ये १७९४मध्ये क्लोद शाप यांनी पॅरिस आणि लील या शहरांदरम्यान मनोऱ्यांची रांग उभारली. एका मनोऱ्यावरच्या लाकडी हातांची ठेवण पुढच्या मनोऱ्यावरचा माणूस दुर्बिणीतून टिपायचा आणि तशीच पुढे पाठवायचा. घोडेस्वाराला जे अंतर कापायला दिवस लागे, ते हा निरोप मिनिटांत कापत असे; पण धुके उतरले किंवा रात्र झाली की सारी रांग मुकी. विजेची तार आली तेव्हा तिने या मनोऱ्यांना मोडीत काढले, त्यात वेगाइतकाच धुक्याचाही वाटा होता. हेन्री मॅन्स या तारखात्यातल्या अभियंत्याने १८६९मध्ये कराचीत असताना हेलिओग्राफ तयार केला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. आरशावर पडलेला सूर्यप्रकाश चमकवत मोर्सच्या खुणा पाठवणारे हे यंत्र दुसऱ्या अफगाण युद्धात ब्रिटिश फौजांच्या फार उपयोगी पडले, कारण तिथले आकाश बहुतेक दिवस निरभ्र असे. १८८०मध्ये वॉशिंग्टनमध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी आणखी पुढची मजल मारली. बोलणाऱ्याच्या आवाजाने थरथरणाऱ्या पातळ आरशावरून त्यांनी सूर्यप्रकाश परावर्तित केला आणि सुमारे २१३ मीटरवर सेलेनियमच्या घटाने त्या प्रकाशाचा पुन्हा आवाज केला. या फोटोफोनला बेल आपल्या टेलिफोनपेक्षा मोठा शोध मानत. तरीही घरोघरी गेला तो तांब्याच्या तारेवरचा टेलिफोन. तिन्ही वेळा उजेडाची कल्पना बिनचूक होती आणि तिन्ही वेळा हवेने तिची मर्यादा आखून दिली.

लेसरने या जुन्या कल्पनेला जे बळ दिले ते समजायला थोडा हिशेब करावा लागतो. कोणताही झोत किती पसरेल हे त्याची तरंगलांबी आणि भिंगाची किंवा तबकडीची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरते. दहा सेंटिमीटरच्या तबकडीतून एक सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी चंद्रावरून पृथ्वीकडे सोडल्या, तर इथे येईपर्यंत त्या सुमारे ३८ हजार किलोमीटर पसरतात, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या तिप्पट. तेवढ्याच भिंगातून दीड मायक्रॉनचा अवरक्त लेसर सोडला तर त्याचा ठिपका साधारण सहा किलोमीटरचा पडतो. सांडून वाया जाणारी सारी शक्ती नेमक्या जागी पोहोचते, हे लेसरचे सामर्थ्य. त्याची किंमत नेमाच्या रूपाने मोजावी लागते. हजार किलोमीटर अंतरावरच्या उपग्रहावरून निघालेला किरण आपल्यापर्यंत येतो आणि आपला त्याच्यापर्यंत जातो, तेवढ्या सुमारे सात सहस्रांश सेकंदात उपग्रह पन्नास मीटर पुढे सरकलेला असतो; आणि आपला झोत तिथे रुंद असतो जेमतेम पंधरा मीटर. म्हणून उपग्रह जिथे दिसतो तिथे झोत रोखून भागत नाही, तो जिथे असणार तिथे रोखावा लागतो. हा नेम साधतो याचा पहिला ठळक पुरावा जानेवारी १९६८मध्ये मिळाला. ॲरिझोनातले किट पीक आणि कॅलिफोर्नियातले टेबल माउंटन इथून सोडलेले वॅटभर शक्तीचे झोत चंद्रावर उतरलेल्या ‘सर्व्हेयर ७’च्या कॅमेऱ्याने पृथ्वीच्या काळोख्या भागावरचे प्रकाशबिंदू म्हणून टिपले. डिसेंबर १९९२मध्ये गुरूकडे निघालेल्या ‘गॅलिलिओ’ यानाने टेबल माउंटन आणि न्यू मेक्सिकोतल्या केंद्रांवरून आलेली लेसर स्पंदने साठ लाख किलोमीटरपर्यंत ओळखली. नेमाचा प्रश्न अभियांत्रिकीचा होता आणि अभियांत्रिकीने तो सोडवला.

सर्व्हेयरपासून प्रत्यक्ष संदेशवहनापर्यंत पाव शतक गेले, त्यामागे वेगळे कारण होते. अंतराळात वर्षानुवर्षे टिकतील असे लहान, कमी वीज खाणारे लेसर उपलब्धच नव्हते. ते मिळाले समुद्रतळाच्या कृपेने. १९८०च्या दशकात खंडांना जोडणाऱ्या काचतंतूच्या केबल पडू लागल्या. अटलांटिकपार गेलेली पहिली १९८८ची. अर्धवाहक लेसर आणि एर्बियमचा वापर करणारे प्रकाशवर्धक केबल कंपन्यांच्या गरजेपोटी घडले, आणि काचेत मुरलेले हेच तंत्र पुढे आकाशात गेले. जपानचा ‘ईटीएस-६’ हा उपग्रह ऑगस्ट १९९४मध्ये उडाला. इंजिन बिघडल्याने तो भूस्थिर कक्षेत पोहोचलाच नाही, तरीही टोकियोजवळच्या कोगानेई केंद्राशी त्याने सेकंदाला सुमारे एक मेगाबिट या गतीने लेसरवरून दुतर्फा देवाणघेवाण केली. जमीन आणि उपग्रह यांच्यातले हे पहिले खरे लेसर संभाषण. युरोपच्या ‘आर्टेमिस’चीही गत तशीच झाली. जुलै २००१मध्ये त्याला अग्निबाणाने खालच्याच कक्षेत सोडले आणि आयन इंजिनांच्या मंद रेट्याने ठरल्या जागी जायला त्याला जानेवारी २००३ उजाडला. पण त्या वाटेवरच, नोव्हेंबर २००१मध्ये, त्याने आधी कॅनरी बेटांतल्या तेनेरिफेच्या केंद्राशी लेसरने संधान बांधले आणि मग ‘स्पॉट ४’ या उपग्रहाने काढलेले छायाचित्र सेकंदाला ५० मेगाबिट गतीने लेसरवरून झेलले. ते छायाचित्र आर्टेमिसने जमिनीवर पाठवले मात्र रेडिओलहरींवरून. अंतराळात लेसर आणि जमिनीकडे रेडिओ, ही विभागणी युरोपने तेव्हाच केली आणि पुढे ‘ईडीआरएस’ या कायमच्या सेवेतही तीच ठेवली. २०१६पासून सेंटिनेल उपग्रह आपली छायाचित्रे सेकंदाला १.८ गिगाबिट गतीने लेसरवरून वरच्या उपग्रहाकडे देतात आणि तो ती रेडिओने खाली उतरवतो.

ही विभागणी म्हणजे निव्वळ सावधपणा होता, असा आक्षेप घेता येईल. अमेरिकेने लेसर थेट जमिनीवर उतरवून दाखवलाच की! हे खरे आहे, आणि ते कसे उतरवले हे पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०१३मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या ‘लाडी’ यानावरून एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने घडवलेल्या यंत्राने सेकंदाला ६२२ मेगाबिट खाली धाडले. वाटेतली हवा ही पहिली अडचण होती. थंडगरम हवेचे झोके प्रकाशाला हेलकावे देतात. तारे लुकलुकतात ते त्यामुळेच. व्हाइट सँड्सच्या केंद्रात वर पाठवण्यासाठी एका मोठ्या दुर्बिणीऐवजी पंधरा सेंटिमीटरच्या चार दुर्बिणी शेजारी शेजारी लावल्या होत्या. चार किरण हवेच्या चार वेगळ्या वाटांनी जातात. एक मंदावला तरी दुसरा उजळ असतो आणि सरासरी स्थिर राहते. खाली येणारा क्षीण प्रकाश झेलायला चाळीस सेंटिमीटरच्या चार दुर्बिणी होत्या आणि त्यांच्यामागे एकेक प्रकाशकण मोजणाऱ्या, अतिशीत ठेवलेल्या सूक्ष्म अतिवाहक तारा. हवेच्या हेलकाव्यांवर अशी मात करता येते. पण याच प्रयोगाच्या आखणीत टेबल माउंटन आणि तेनेरिफे अशी आणखी दोन केंद्रे राखीव ठेवलेली होती. त्याचे मोठे कारण एकच : ढग. ढगातला पाण्याचा थेंब साधारण दहा मायक्रॉनचा, म्हणजे लेसरच्या तरंगलांबीहून मोठा. त्यावर आपटलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. दाट पावसाळी ढगातून सरळ पार होणारा अंश इतका नगण्य असतो की लेसरची शक्ती हजारपट वाढवली तरी पलीकडे कामापुरते काही पोहोचत नाही. इथे यंत्र सुधारून भागत नाही, जागा बदलावी लागते.

जागा बदलण्याचे हे शहाणपण पुढच्या प्रत्येक मोहिमेत दिसते. नासाने डिसेंबर २०२१मध्ये सोडलेल्या ‘एलसीआरडी’ या भूस्थिर प्रसारकाला सेकंदाला १.२ गिगाबिटची क्षमता दिली आणि त्यासाठी दोन केंद्रे निवडली. एक कॅलिफोर्नियात, दुसरे हवाईतल्या हालेआकाला या उंच पर्वतावर. एकीकडे आभाळ भरले तर दुसरीकडे वळायचे. त्याहून बोलका आहे ‘टीबर्ड’चा अनुभव. मे २०२२मध्ये गेलेल्या या छोट्या उपग्रहाने पुढच्या वर्षी सेकंदाला २०० गिगाबिटचा टप्पा गाठला. पाचसहा मिनिटे केंद्रावरून जाताना तो काही टेराबाइट माहिती ओतून जाई. हवेच्या हेलकाव्यात एखादा तुकडा हरवला की खालचे केंद्र तो पुन्हा मागून घेई. या मांडणीत ढगांशी भांडण नाही. माहिती साठवून ठेवायची आणि आकाश मोकळे मिळेल त्या फेरीला एका दमात उतरवायची. पृथ्वीची छायाचित्रे, हवामानाच्या नोंदी, दुर्बिणींची निरीक्षणे यांना ही रीत चपखल बसते, कारण त्यांना चार तास उशीर चालतो. इंटरनेटला तो चालत नाही. पैसे पाठवणारा, डॉक्टरांशी बोलणारा, परीक्षेचा अर्ज भरणारा माणूस ढग सरकण्याची वाट पाहत बसू शकत नाही. म्हणून ‘टीबर्ड’चे २०० गिगाबिट पाहून उद्याच्या घरगुती इंटरनेटची स्वप्ने रंगवणे ही या इतिहासाची चुकीची उजळणी आहे.

स्टारलिंकच्या ग्राहकांना तर आजच लेसरवर चालणारे इंटरनेट मिळते, मग अडले कुठे, असे कोणी विचारेल. लेसर तिथे आहे, पण नेमका कुठे ते पाहायला हवे. २०२१पासून स्टारलिंकचे उपग्रह एकमेकांशी लेसरने जोडले जाऊ लागले आणि पोकळीत, जिथे ना ढग ना हवा, हे जाळे विणले गेले. ग्राहकाच्या गच्चीवरची तबकडी मात्र उपग्रहाशी रेडिओनेच बोलते आणि उपग्रहही जमिनीवरच्या, इंटरनेटच्या जाळ्याला जोडलेल्या गेटवे केंद्राशी रेडिओनेच बोलतो. म्हणजे आर्टेमिसने २००१मध्ये स्वीकारलेली विभागणीच हजारो उपग्रहांच्या प्रमाणावर अवतरली. तिचा लाभ खरा आणि मोठा आहे. लेसर नसताना उपग्रहाला ग्राहक आणि गेटवे दोन्ही एकाच वेळी दिसावे लागत. भर समुद्रात किंवा ध्रुवाकडे ते शक्य नव्हते. लेसर आल्यावर एका उपग्रहाने घेतलेला निरोप इतर उपग्रहांच्या हातून दूरच्या गेटवेवर उतरवता येऊ लागला आणि २०२२मध्ये अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळापर्यंत ही सेवा पोहोचली. घराघरांत लेसर न येण्यामागे ढगांखेरीज आणखी एक साधे कारण आहे. रेडिओचा एक झोत शेकडो घरांवर एकदम पडतो; लेसरचा एक झोत एकाच दुर्बिणीवर. प्रत्येक घरासाठी उपग्रहावर स्वतंत्र भिंग वळवत बसणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

याउलट बाजूचा आक्षेप अधिक वजनदार आहे. रेडिओ ढगांतून जातो, काम भागवतो. मग लेसर जमिनीवर उतरवण्याचा अट्टहास कशाला? याचे उत्तर गर्दीत आहे. रेडिओलहरींचे पट्टे मर्यादित आहेत, त्यांची वाटणी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांनी होते आणि प्रत्येक नव्या उपग्रहसमूहाबरोबर त्यांवरची रेटारेटी वाढते. संघाच्या व्याख्येनुसार रेडिओलहरींची हद्द ३००० गिगाहर्ट्झला संपते. लेसर त्याच्या कितीतरी पलीकडे असल्याने त्याला पट्ट्याचे वाटप लागत नाही, आणि झोत इतका अरुंद की शेजारच्याला त्याचा उपसर्ग होत नाही. आकाशातले जाळे जितके रुंद होईल तितकी गेटवेकडे येणारी वाट अपुरी पडेल. त्या एका टप्प्यावर, मोजक्या आणि विचारपूर्वक निवडलेल्या ठिकाणी, लेसरला खरे काम आहे. आडव्या पल्ल्यावर त्याची प्रचिती आलेलीही आहे. ‘तारा’ या प्रकल्पाने कॉंगो नदीच्या दोन काठांवरच्या ब्राझाव्हिल आणि किन्शासा या राजधान्या सुमारे पाच किलोमीटरच्या लेसर झोताने जोडल्या. पाण्यावरून काही किलोमीटर जाणाऱ्या या झोताच्या वाटेत पावसाळी ढगांचा थर येत नाही. उपग्रहाकडे जाणाऱ्या वाटेत तो हमखास येतो. म्हणून आकाशाकडे पाहणारी केंद्रे एकमेकांपासून दूर हवीत. एका केंद्रावर आकाश मोकळे असण्याची शक्यता ६० टक्के धरली आणि चार केंद्रांचे हवामान परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर चारही एकाच वेळी झाकोळण्याची शक्यता अडीच टक्क्यांवर येते. पण या गणिताचा सारा जीव ‘स्वतंत्र’ या शब्दात आहे.

आपल्याकडे हा शब्द कसोटीला लागतो. नैऋत्य मोसमी वारे आले की कोकणापासून विदर्भापर्यंत आभाळ एकदमच भरते. रत्नागिरी, पुणे, नागपूर इथल्या तीन केंद्रांची गणना जुलैमध्ये जवळजवळ एकच. याचा दाखला पुणे जिल्ह्यातच उभा आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. ती ऐन पावसाळ्यातही आकाश ऐकत असते. त्याच जिल्ह्यात गिरवलीला ‘आयुका’ या खगोलसंशोधन संस्थेची दोन मीटरची प्रकाशीय दुर्बीण आहे. पावसाळ्याचे महिने तिचे निरीक्षण बंद राहते. एक आकाश, दोन लहरी आणि वर्षाकाठी चार महिन्यांचा फरक. नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र शासनाने गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा भागांसाठी स्टारलिंकशी इरादापत्र केले. तिथल्या शाळेला किंवा आरोग्यकेंद्राला जी जोडणी मिळेल ती रेडिओचीच असेल, आणि असायलाही हवी. दरड कोसळून रस्ता तुटतो, नदीला पूर येतो, तेव्हाच संपर्काची निकड सर्वांत मोठी असते, आणि नेमके तेव्हाच आभाळ गच्च भरलेले असते.

यातून लेसरला नकार निघत नाही. डिसेंबर २०२३मध्ये ‘सायकी’ यानावरून तीन कोटी दहा लाख किलोमीटर पार करून सेकंदाला २६७ मेगाबिट गतीने आलेली चित्रफीत पालोमारच्या पाच मीटरच्या दुर्बिणीने झेलली, तेव्हा या तंत्राची ऐपत निर्विवाद सिद्ध झाली. ऐपत आहे म्हणून ते कुठेही बसवावे असे मात्र नाही. भारताला स्वतःचे लेसर गेटवे उभारायचे असतील तर पहिली पाहणी लडाखमधल्या हान्लेसारख्या साडेचार हजार मीटर उंचीवरच्या कोरड्या पठारांची व्हायला हवी. दुसरे केंद्र असे हवे जिथला पावसाळा देशाच्या इतर भागांच्या पावसाळ्याशी जुळत नाही. आणि या दोन्ही ठिकाणांपासून देशभर भक्कम फायबर हवे, नाहीतर उतरलेली माहिती डोंगरावरच अडकून पडेल. यंत्रांच्या निविदा काढण्याआधी त्या त्या ठिकाणच्या ढगांच्या निदान दहा वर्षांच्या नोंदी तपासणे, हा या खर्चातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा भाग ठरेल. आपल्या दूरसंचार नियोजकांनी तिथूनच सुरुवात करावी.